यिरा या शब्दाचा सौदा

अमरावतीच्या कापूस बाजारात माझ्या पाठीमागं लोक अजून एक शब्द उच्चारतात. यिरा. उच्चारणाऱ्यांपैकी निम्म्यांना त्याचा अर्थ ठाऊक नाही. तो मराठी नाही, उर्दू नाही, यहुदी लोकांच्या पोथीतला आहे. तोंडावर म्हणायची कोणाची छाती होत नाही. मी पुढं गेलो की कोणीतरी हळूच म्हणतो, आणि मी वळलो की सगळे कापूस चिवडायला लागतात.

त्या शब्दावरून माझी जी गोष्ट बाजारात सांगतात, ती अर्धीच आहे. त्या अर्ध्या गोष्टीत लोक मला हसले. उरलेली अर्धी कोणी पाहिली नाही, कारण ती उपरण्याखाली घडली.

माझा जन्म नांदगाव खंडेश्वराकडच्या एका खेड्यातला. आमच्या घराला जमीन नव्हती. आईबाप दुसऱ्यांच्या पऱ्हाटीत कापूस वेचत. मिसरूड फुटायच्या आत मी चालत अमरावतीला आलो आणि एका म्हाताऱ्या दलालाच्या आवारात सांडलेली रुई झाडायच्या कामाला लागलो. त्या म्हाताऱ्याला सारा बाजार दादाजी म्हणत असे. लिहायला त्यानं शिकवलं, कापूस ओळखायला त्यानं शिकवलं, आणि हाताचा सौदाही त्यानंच शिकवला.

हाताचा सौदा आता नव्या लोकांना समजावून सांगावा लागेल. आमच्याकडं भाव तोंडानं सांगत नसत. घेणाऱ्याचा आणि देणाऱ्याचा हात एकमेकांत, वर उपरणं टाकलेलं. आत बोटं दाबून भाव सांगायचा, बोटं दाबून तो तोडायचा. भोवती वीस माणसं उभी असली तरी कोणाला काही कळत नाही. सौदा पटला की उपरणं उचलायचं, आणि मग त्या हातानं दिलेला शब्द फिरत नाही. लिहिलेला कागद फिरेल, पण दिलेला हात फिरत नाही. ज्यानं फिरवला त्याच्याशी कोणी व्यवहार करत नसे.

दादाजी म्हणायचे, भाव बोटात असतो आणि गरज तळहातात. मी लवकर शिकलो. समोरच्याचा हात हातात आला की मला त्याचं भय कळे. घरी लग्न काढलेल्या माणसाचा तळवा गरम असतो. ज्यानं कापसात रेती मिसळली आहे त्याचा अंगठा स्थिर राहत नाही. ज्याला परतीची वाट धरायची घाई आहे तो माझं बोट दाबायच्या आधीच सोडतो. या एका विद्येवर मी वर आलो.

मग अमेरिकेत कुठंतरी लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला जायचा बंद झाला आणि वऱ्हाडावर साऱ्या जगाची नजर पडली. ज्यांनी आयुष्यात पायतण घातलं नव्हतं ते घोड्यावर बसून बाजारात येऊ लागले. कापसाच्या बैलबंड्यांची रांग पार वेशीबाहेर जाई. नेमक्या त्याच दिवसांत दादाजींचा हात कापायला लागला. म्हातारपणाचं कापणं होतं ते, पण उपरण्याखाली कापणाऱ्या हाताचा एकच अर्थ होतो. समोरचे त्यांना पिळून काढू लागले. एका सकाळी मी लवकर आलो आणि त्यांच्या गादीवर बसलो. ते आले, त्यांनी मला पाहिलं, आणि खालच्या पायरीवर बसले. मी त्यांना दोन्ही वेळा जेवायला घालत होतो, थंडीत घोंगडी दिली होती. ते पायरीवर बसतात यात माझा काय दोष? गादी रिकामी ठेवून पोट भरत नाही. हे मी तेव्हाही म्हणत होतो, आजही म्हणतो.

मुंबईच्या एका पेढीचा गुमास्ता त्या काळात अमरावतीत आणि अकोल्यात कापूस घेत असे. त्यानं माल तपासायला एक पारखी आणला. कोकणातल्या समुद्रकाठचा यहुदी. तीसएक वर्षांचा, हडकुळा, लांब बोटांचा. बोलणं आपल्यासारखंच मराठी, जरा नाकातलं. कोकणात त्याचे लोक तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणतात, असं त्यानंच सांगितलं. इथंही तो शनिवारी कामावर येत नसे. गुमास्ता चरफडे, पण चालवून घेई, कारण तसा पारखी दुसरा नव्हता. चिमूटभर रुई अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरायचा, हलकेच ओढायचा, तुटलेले धागे गालाला लावायचा, आणि सांगायचा: या गावचा, इतक्या वेचणीचा, काल रात्री यावर पाणी मारलं आहे. एकदाही चुकला नाही. माल पटला की पेढीच्या वतीनं उपरण्याखाली हातही तोच देई.

वजन वाढावं म्हणून पाणी सगळेच मारत. मीही मारत असे.

पहिल्यांदा त्याचा हात उपरण्याखाली माझ्या हातात आला तेव्हा मी थोडा वेळ काहीच दाबलं नाही. मी भय शोधत होतो. सापडलं नाही. उद्धटपणाही नव्हता, तोही मला हातात कळतो. कोरडा, शांत हात. त्या दिवसापासून तो माणूस माझ्या डोळ्यांत खुपू लागला.

एका दुपारी त्यानं माझ्या एका लॉटमधली चिमूट घेतली, गालाला लावली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "ओला आहे, शेट. परत न्या."

माझं डोकं फिरलं. "काहून रे, तुले कोनाचं भेव हाय का नाई?"

"आहे ना."

"कोनाचं? गुमास्त्याचं?"

"देवाचं."

आवारातले लोक जवळ सरकले. माल मोजणारा मापारी होता, दोन-चार दलाल होते, बंड्या सोडून बसलेले शेतकरी होते. दादाजी पायरीवर होते. मी म्हटलं, "देवाचं भेव सगळ्याईलेच असते. सापाचं भेव अन् देवाचं भेव, येकच."

"एक नाही," तो म्हणाला. "आमच्या पोथीत त्याला वेगळा शब्द आहे. यिरा."

"म्हंजे काय?"

"त्याला मराठीत नेमका शब्द सापडत नाही. मी मुंबईला शाळेत असताना आमचे गुरुजीही अडायचे."

आता, कोणी मला म्हणालं की या मालाचा भाव होत नाही, तर मी हटून बसतो. माझा धंदाच तो. मी म्हटलं, "सापडत नाई कसा? मी देतो. धाक."

"धाक मारणाऱ्याचा असतो. त्यानं काठी टाकली की संपतो."

"दरारा."

"दरारा समोरच्याच्या अंगात असतो. हे आपल्या अंगात."

मापारी म्हणाला, "भाऊ, जरा चढवा की!"

"भीड," मी म्हटलं.

तो खरंच विचार करत होता. "जवळ आलात. पण भीड रोजच्या सवयीनं चेपते. हे चेपत नाही."

"आदर घे मंग अन् मोकळा हो."

"आदरानं अंगावर काटा येत नाही, शेट. यानं येतो."

लोकांना मजा वाटत होती. शब्दाचा लिलाव चालला होता आणि घेणारा मी, वर चढत जाणाराही मीच. माझ्याकडचे शब्द संपले. मी ओरडलो, "अबे, तं भाव फोड ना! किती तानतं?"

तेव्हा त्यानं सांगितलं. त्याच्या पोथीत एके ठिकाणी देव म्हणतो, प्रत्येकानं आपल्या आईची आणि आपल्या बापाची यिरा धरा, आणि माझे शनिवार पाळा. एकाच ओळीत दोन्ही. मी विचारलं की आई आधी काहून? तो म्हणाला, बापाला लेकरं तशीही घाबरतात, म्हणून आईचं नाव आधी घेतलं. म्हणजे घाबरणं हा अर्थ नाहीच.

"मंग आईची यिरा म्हंजे करायचं काय? पाया पडायचं?"

"नाही. अगदी साधं आहे. तिची बसायची जागा असेल तिथं आपण बसायचं नाही. तिचा शब्द खोडायचा नाही. तेवढंच." आणि मग, बोलण्याच्या ओघात, माझ्याकडं सरळ बघत, "गुरूचंही तसंच. गुरू हयात असेल तर त्याच्या गादीवर बसायचं नाही."

मी गादीवर बसलो होतो. दादाजी पायरीवर.

आधी मापारी हसला. तो तोंड दाबून हसत होता, त्यानं बाकीच्यांना धीर आला. मग शेतकरी, मग दलाल. कोणीतरी म्हणालं, "घ्या भाऊ, पटला भाव!" आणि शेवटी, ज्याला मी दोन वेळा जेवू घालत होतो तो म्हातारा, दात नसलेलं तोंड उघडून हसला. इतक्या दिवसांत मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं.

पारखी गोंधळून सगळ्यांकडं बघत होता. दादाजी माझे कोण हे त्याला माहीत होतं की नव्हतं, हे मी आजवर ठरवू शकलो नाही. त्याच संध्याकाळी तो माझ्याकडं आला आणि म्हणाला, "शेट, मी त्यांना तुमचा राखणदार समजत होतो." कदाचित खरं असेल. पण राखणदार म्हणणं हेही मला लागलंच. मी त्याला हाकलून दिलं.

त्या आठवड्यातच पोरंसोरं मला पाहून यिरा म्हणू लागली.

मला त्याच्या हातात भय पाहायचं होतं. दुसरं काही नको होतं. ते कुठं आहे याचा मी शोध घेतला, आणि ते त्याच्याच ओळीत होतं. आई आणि शनिवार. त्यानं दोन्ही एका दोरीत बांधून माझ्या हातात दिले होते.

त्याची आई त्याच्याबरोबर राहत असे, एका खोलीत. विधवा, गुडघ्यांनी अधू. नोकरी होती म्हणून त्यानं तिला कोकणातून आणलं होतं. तिकडं तिला पाहणारं कोणी नव्हतं, परत पाठवण्यासारखं घरही उरलं नव्हतं. ही नोकरी गेली तर दोघं रस्त्यावर. हे त्याला माहीत होतं, तिलाही माहीत होतं, आणि मी चौकशी केल्यावर मलाही माहीत झालं.

आधी मी गुमास्त्याकडं गेलो. म्हटलं, माझ्या मुलखाकडचा उत्तम माल शनिवारी येणार, दुसऱ्या पेढीचा माणूस टपून बसला आहे, शनिवारी तपासला नाही तर माल त्याच्या घशात गेला म्हणून समजा. बंडीवाल्यांना मी आधीच एक दिवस वाटेत थांबायला सांगितलं होतं. गुमास्ता आधीच चिडलेला. त्यानं पारख्याला बोलावून सांगितलं, "या शनिवारी आला नाहीस तर रविवारी येऊ नको. कधीच येऊ नको."

मग मी त्याच्या आईकडं गेलो. तो कामावर असताना. अमरावतीत तेव्हा चांगला नारळ मिळणं मुश्कील. मी एका मुंबईहून आलेल्या माणसाकडून मिळवला होता. म्हातारी दारात बसून ज्वारी पाखडत होती. नऊवारी लुगडं, कपाळ मोकळं. मी नारळ पुढं ठेवला. तिनं तो उचलला, कानाशी हलवला, आतलं पाणी ऐकलं आणि लहान मुलीसारखी हसली.

"कोण रे बाबा तू?"

"तुमच्या पोराच्या बाजारातला दलाल. आजी, त्याचं भलं व्हावं म्हणून आलो."

मी सगळं सांगितलं. खोटं एक अक्षर सांगितलं नाही. शनिवारी गेला नाही तर नोकरी जाणार. गुमास्ता मागं हटणारा नाही. पोरगा हट्टी आहे, कोणाचं ऐकणार नाही. शेवटी म्हटलं, "तुमचं मात्र आयकते. तुमचा शब्द खोडाचा नाई अशी त्याची पोथी सांगते, त्यानंच सांगितलं मले."

तिचा हात नारळावर होता. "तो असं म्हणाला? चारचौघांत?"

"हाव. साऱ्या बाजारात."

तिला अभिमान वाटला, ते मला दिसलं. नंतर बराच वेळ ती सुपातली ज्वारी बोटांनी सारखी करत बसली. "मला वाचता येत नाही रे बाबा," ती म्हणाली. "शुक्रवारी दिवा लावते, एवढंच येतं. देवाचं काय ते त्यालाच कळतं. पण म्हातारपणी मी पोराच्या गळ्यात धोंडा झाले तर देव मला काय म्हणेल?"

"म्हून म्हंतो, त्याले जा म्हना."

"सांगते," ती म्हणाली.

बाहेर पडताना मला फार बरं वाटलं, हे मी लपवत नाही. आता तो शनिवारी आला तर देव मोडला, न आला तर आई मोडली. दोन्हीकडून यिरा मोडणार होती. मी आयुष्यात अनेक सौदे केले. इतका बंद सौदा केला नव्हता.

शनिवारी तो आला.

धुतलेले पांढरे कपडे, डोक्याला टोपी. सगळा बाजार बघायला जमला होता. माझ्या बंड्या उभ्या होत्या. खरं सांगायचं तर माल ओला होता. त्या दिवशी तर चांगलाच ओला होता. गुमास्ता म्हणाला, "शाबास. चल, बघ."

पारखी बंडीपाशी जाऊन उभा राहिला. हात खाली. चिमूट घेईना.

"बघ ना!"

"आईनं जा म्हटलं," तो म्हणाला. "आलो."

तेवढंच. म्हातारीनं जा म्हटलं होतं, काम कर म्हटलं नव्हतं. किंवा म्हटलं असेल आणि त्यानं तेवढाच शब्द उचलला असेल. तो आला होता आणि काम करत नव्हता. मी आठवडाभर खपून बांधलेली गाठ त्यानं नुसतं उभं राहून सोडली. मापारी माझ्याकडं बघून तोंड दाबायला लागला. दादाजी पायरीवरून मान उंच करून बघत होते. गुमास्त्याचं तोंड लाल झालं.

मी गादीवरून उतरलो. म्हटलं, "बोलू नको. धंद्याचं बोलनं मना हाय ना तुले? नको बोलू. हात दे." आणि तो मागं सरायच्या आत त्याचा उजवा हात धरला आणि वर उपरणं टाकलं.

गुमास्त्याला ते पटलं. तोंडानं नाही तर हातानं. त्यानं मान डोलावली.

आता लोकांना फक्त आमची तोंडं दिसत होती. मी त्याचा अंगठा दाबला: माल पसंत? उत्तर नाही. पुन्हा दाबला. त्याचा हात माझ्या हातात नुसता पडून होता. ओढून घेत नव्हता, कारण ओढाओढ झाली असती, दाबतही नव्हता. तो कापत होता. शेवटी कापत होता. पण मी इतक्या वर्षांत जी जी भीती हाताळली तिच्यापैकी कोणतीही ती नव्हती. तळवा कोरडाच होता. आणि ते कापणं माझ्याकडं वळलेलं नव्हतं. माझा हात तिथं नसता तरी तो तसाच कापला असता. मी त्याला दिसतच नव्हतो.

मी त्याची तर्जनी धरली आणि मागं वाकवली.

त्याच्या तोंडाकडं बघत वाकवली. मला वाटलं, आता ओरडेल. आता सोड म्हणेल. आता तरी माझ्याकडं बघेल. त्यानं ओठ आवळले, डोळे मिटले. मी थांबलो नाही. वाळलेली पऱ्हाटी मोडावी तसं काहीतरी माझ्या मुठीत मोडलं. आवाज उपरण्यातच राहिला. त्याच्या कपाळावर घाम फुटला, पण तो उभा राहिला आणि तोंडातून शब्द काढला नाही.

माझा राग तिथंही गेला नाही. मी उपरणं उचललं आणि मोठ्यानं म्हणालो, "दिला हात. माल पसंत."

सगळ्यांनी ऐकलं. तो त्या दिवशी धंद्याबद्दल बोलणार नव्हता, हे मला माहीत होतं. उजवा हात डाव्या हातात धरून तो निघून गेला. गुमास्त्यानं माल उचलला आणि त्याच संध्याकाळी गाठी बांधायला पाठवला.

रविवारी सकाळी तो गुमास्त्यापुढं उभा राहिला. मी तिथं होतो. तर्जनी चिंधीनं मधल्या बोटाला बांधलेली होती. तो म्हणाला, "मी काल माल पसंत केला नाही. मी कुठलंच बोट दाबलं नाही."

गुमास्ता म्हणाला, "हात तर दिला होतास. पन्नास जणांनी पाहिलं."

"दिला नाही. धरला होता."

"मग काढून का नाही घेतलास? आणि बोटाला काय झालं?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी तयार होतो. तो सांगेल, मी नाही म्हणेन, भांडण होईल, चार पंच बसतील, मग मी रागाच्या भरात झालं म्हणून पदरचं काही देईन आणि प्रकरण मिटेल. माझी सगळी उत्तरं तयार होती. तो म्हणाला, "काही नाही. चेपलं."

बोट कोणी मोडलं हे त्यानं तिथंही सांगितलं नाही, नंतरही नाही. याचाच मला आजही संताप आहे. बाजारात बोललेलं दुपारपर्यंत त्याच्या खोलीपर्यंत पोचलं असतं, आणि आपल्या एका शब्दापायी पोराचं बोट गेलं हे म्हातारीला कळलं असतं. ते त्याला नको होतं, एवढं मी समजू शकतो. पण त्यानं बोंब मारली असती तर मी एक साधा तापट माणूस ठरलो असतो. त्यानं मला ती संधी दिली नाही.

गुमास्त्यानं त्याला काढून टाकलं. दिलेला हात नाकारणारा माणूस म्हणून अमरावतीत दुसऱ्या कोणी त्याला उभं केलं नाही. तसंही त्या बोटाशिवाय तो पारखी राहिलाच नव्हता. बोट वाकडं जुळलं. तो एकदा एका अडत्याच्या आवारात चिमूट ओढून बघत होता ते मी लांबून पाहिलं. रुई त्याच्या बोटांतून निसटत होती.

दहा-बारा दिवसांनी त्याची आई माझ्याकडं आली. दोन्ही हातांनी भिंत धरत, थांबत थांबत आली असणार, कारण ती धापा टाकत होती. दादाजी पायरीवरून जरा सरकले. मी म्हटलं, "बसा, आजी." ती बसली नाही.

"उद्या आम्ही अकोल्याला जातो," ती म्हणाली. "तिथं कुणी सरकीच्या गोदामात ठेवतो म्हणालाय."

"चांगलं झालं."

"बाबा, तुला एक विचारायला आले. लोक म्हणतात त्या शनवारी त्यानं हात दिला. सौदा केला. तो म्हणतो, नाही केला. मी त्याला दुसऱ्यांदा विचारलं नाही. आईनं दुसऱ्यांदा विचारायचं म्हणजे तो खोटा. पण मला झोप लागत नाही. मी जा म्हटलं म्हणून त्यानं देवाचा दिवस मोडला असेल तर ते माझ्या माथी. तू होतास तिथं. हात तुझ्याच हातात होता म्हणतात. केला का रे त्यानं सौदा?"

आवारात काम चाललं होतं. मापाऱ्याचा आवाज येत होता. दादाजी खाली मान घालून बसले होते. मी नाही म्हटलं असतं तर माझ्याच तोंडानं मी बाजारात खोटा पडलो असतो. माल पसंत म्हणून मी ओरडलो होतो, तोच माल विकून मी त्या हंगामात उभा होतो. आणि ती बोटाबद्दल विचारत नव्हती. बोटाबद्दल विचारलं असतं तर मी काय म्हणालो असतो, सांगता येत नाही.

मी म्हटलं, "हाव, आजी. केला."

तिनं मान हलवली. एकदाच. रडली नाही. पदर नीट केला, भिंतीला हात लावला आणि वळली. दोन पावलं जाऊन पुन्हा माझ्याकडं तोंड केलं.

"मी विचारायला आले होते हे त्याला सांगू नकोस," ती म्हणाली. "त्याला वाटेल, आईनं त्याचा शब्द धरला नाही."

मी सांगितलं नाही. मायलेक दुसऱ्या दिवशी अकोल्याकडं जाणाऱ्या एका बंडीतून गेले. पुढं एक-दोनदा धंद्यासाठी अकोल्याला जाणं झालं. सरकीची गोदामं स्टेशनाच्या वाटेवरच होती. मी दुसऱ्या रस्त्यानं गेलो.